म्हाताऱ्या कुत्रीला डायपर की खाली पॅड?

आमची राणी लॅब्रेडॉर, १३ वर्षांची, आता झोपेतच सू होते आणि उठल्यावर ओलं अंथरूण दिसलं की कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसते, बघवत नाही हो.

आम्ही दोन्ही वापरून बघितलं. डायपर गाडीत, पाहुणे आले की एकदम सोयीचं, शेपटीला भोक असतं, सोफा वाचतो. पण दर ३-४ तासांनी बदलावंच लागतं, आम्ही एकदा रात्रभर ठेवलं तर सकाळी मांडीच्या आत कातडी लालेलाल, हात लावू देईना, आणि पावसाळ्यात तर असं फार पटकन होतं. खर्चही दर महिन्याला आहेच.

पॅडचं म्हणाल तर खाली लहान बाळांना घालतो ती रबरी शीट, वर धुता येणारं पॅड नाहीतर जुनी गोधडी, अंग मोकळं राहतं, हवा लागते. धुणं मात्र रोजचं, वास जायला पाण्यात थोडं व्हिनेगर घालते. माझं मत पॅडलाच, डायपर फक्त बाहेर जाताना.

पण दोन्हीच्या आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्याच, इन्फेक्शन, डायबिटीस, किडनी काहीही असू शकतं. नसबंदी झालेल्या माद्यांचा लघवी रोखणारा स्नायू सैल पडू शकतो, त्यावर गोळ्या आहेत, राणीला खूप फरक पडला. आणि पाणी अजिबात तोडू नका, उलट झोपायच्या आधी एक चक्कर मारून आणा, आम्ही रात्री ११ ला नेतो.