मेक मेन्यूकॉन्फिग: माहिती सगळी आहे, पण विचारल्याशिवाय सांगत नाही

मेन्यूकॉन्फिग म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) कुठले ड्रायव्हर, कुठली फीचर्स घ्यायची ते निवडायचा मेन्यू. कर्नलच्या सोर्सबरोबर फुकट येतं म्हणून त्याचा कुणी रिव्ह्यू वगैरे लिहीत नाही, पण कर्नल स्वतः बिल्ड करणाऱ्याचा (सोर्समधून तयार करणाऱ्याचा) निम्मा वेळ याच निळ्या स्क्रीनसमोर जातो, तर म्हटलं आपणच लिहू. पाचपैकी साडेतीन देतो. दीड का कापले ते खाली येतंच.

आधी थोडं मागचं. हे जे केकॉन्फिग आहे, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये असते ती फाइल आणि तिची भाषा, जिच्यातून हा मेन्यू बनतो, ते रोमन झिपेलने लिहिलं आणि २००२ च्या शेवटी २.५ मालिकेच्या कर्नलमध्ये आलं. त्याच्या आधी एरिक रेमंडने पायथॉनमध्ये सीएमएल२ म्हणून एक सिस्टिम केली होती, बरीच वादावादी झाली आणि ती काही घेतली नाही. झिपेलचं मात्र इतकं टिकलं की आज यू-बूट, बिझीबॉक्स, बिल्डरूट, झेफिर अशा दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही सगळीकडे तीच पद्धत दिसते. नुसत्या कर्नलमध्येच दहा हजाराच्या वर ऑप्शन आहेत, म्हणजे हाताने सांभाळणं विसराच.

आता खरा त्रास कुठे होतो ते उदाहरणानेच सांगतो. समजा तुमच्याकडे रिअलटेकच्या ८८२१सीयू चिपचा यूएसबी वायफाय डोंगल आहे. याचा ड्रायव्हर आरटीडब्ल्यू८८ नावाच्या ड्रायव्हरसंचात आहे, यूएसबीचा सपोर्ट कर्नल ६.२ पासून कर्नलमध्येच आला, बाहेरून काही आणायला नको. तुम्ही खुशीत डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग नेटवर्क, मग वायरलेस लॅन असं आत जाता आणि बघता तर ड्रायव्हरचं नावच नाही! ग्रे करून ठेवलेलं नाही, 'हे हवं असेल तर अमुक चालू करा' अशी ओळ नाही, काहीच नाही. कारण तो मॅक८०२११ वर (वायफायच्या सामायिक कोडवर) डिपेंड आहे, म्हणजे ते चालू नसेल तर हा दिसतच नाही, आणि ते बसलंय भलत्याच मेन्यूत, नेटवर्किंग सपोर्टच्या खाली वायरलेसमध्ये. नव्या माणसाला वाटतं आपल्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर नाहीच, आणि मग तो कुठल्यातरी अनोळखी रिपॉझिटरीतून सोर्स उतरवत बसतो.

यावर उपाय म्हणजे स्लॅशचं बटण. हे फीचर इतकं भारी आहे की साडेतीनपैकी दोन मार्क मी त्यालाच दिलेत. स्लॅश दाबा, ८८२१सीयू टाका, सिम्बॉलची (म्हणजे त्या ऑप्शनची) अख्खी कुंडली समोर येते: कुठल्या फाइलीत आहे, कशावर डिपेंड आहे आणि त्यातल्या प्रत्येकाची आत्ताची व्हॅल्यू काय, बरोबर 'एन' (म्हणजे बंद) ज्याच्यापुढे दिसतोय तिथे गाडी अडलीये. ते नाव परत शोधा, लोकेशनशेजारचा आकडा दाबला की थेट त्या जागी नेतं. शिवाय झेड दाबला की लपलेले ऑप्शनपण दिसायला लागतात, हे कित्येक जुन्या लोकांनापण माहीत नसतं.

पण पुढची गंमत वेगळीच. समजा तुम्हाला वायफाय मॉड्यूल (लागेल तेव्हा लोड होणारी वेगळी फाइल) म्हणून नको, कर्नलमध्येच बिल्ट-इन पाहिजे. तुम्ही सीएफजी८०२११ वर (मॅक८०२११ ज्याच्यावर डिपेंड आहे तो वायफायचा भाग) वाय, म्हणजे बिल्ट-इन, दाबता आणि ते एमवरच, म्हणजे मॉड्यूलवर, अडून बसतं. एक डबा येतो, त्यात लिहिलेलं असतं की हे फीचर दुसऱ्या एका फीचरवर अवलंबून आहे जे मॉड्यूल म्हणून सेट केलंय, म्हणून हेपण मॉड्यूलच होणार. अरे पण कुठलं फीचर?? नाव सांगायला काय जातं?

नाव असतं आरएफकिल, वायरलेसचा रेडिओ बंद-चालू करणारा भाग. सीएफजी८०२११ च्या केकॉन्फिगमध्ये ओळ आहे 'डिपेंड्स ऑन आरएफकिल || !आरएफकिल'. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा वेडेपणाच वाटतो, असो किंवा नसो म्हणजे काहीही चालेल ना? पण इथे व्हॅल्यू दोन नाहीत तीन आहेत, वाय, एम आणि एन, आणि एमचं उलटं एमच येतं. म्हणजे आरएफकिल वाय किंवा एन असेल तर तुम्हाला पूर्ण मोकळीक, पण ते एम असेल तर तुम्हीपण जास्तीत जास्त एम. कारण साधं आहे, बिल्ट-इन कोड मॉड्यूलमधलं फंक्शन बोलवायला लागला तर लिंक करताना ते फंक्शन सापडतच नाही आणि 'अनडिफाइंड रेफरन्स' येऊन बिल्ड आपटतं, तेही सगळं कंपाइल होऊन अगदी शेवटी. त्यामुळे ओळ एकदम योग्य आहे, तक्रार त्या मुक्या डब्याबद्दल आहे. आरएफकिल वाय करा, सीएफजी८०२११ मोकळं होतं, मग मॅक८०२११, मग ड्रायव्हर. आणि यूएसबी एम ठेवलं असेल तर शेवटच्या पायरीवर परत तोच डबा.

आता सिलेक्ट, केकॉन्फिगमधला एका ऑप्शनने दुसरा परस्पर चालू करायचा शब्द. हा म्हणजे सरळसरळ वशिला आहे, पात्रता कुणी बघत नाही, वरून फोन आला की उमेदवार आत. एक ड्रायव्हर दुसऱ्याला सिलेक्ट करतो तेव्हा त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या डिपेंडन्सी पूर्ण आहेत का हे तपासलं जात नाही, कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की जपून वापरा, जमेल तिथे न दिसणाऱ्या किंवा डिपेंडन्सी नसलेल्या सिम्बॉलपुरतंच ठेवा. तरी लोक वापरतात, आणि मग 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' अशी नुसती वॉर्निंग येते, बिल्ड पुढे जात राहतं आणि कधीकधी बऱ्याच वेळाने फुटतं. झेफिरवाल्यांनी त्यांच्याकडे अशा वॉर्निंगवर बिल्ड तिथेच थांबवायची सोय केलीये, मला ते जास्त पटतं. कर्नल ४.१० मध्ये इम्प्लाय आलं, ते सौम्य आहे, चालू करायला सुचवतं पण डिपेंडन्सी नसेल तर जबरदस्ती करत नाही, आणि युजरला नकोच असेल तर बंदही करता येतं.

सगळ्यात जास्त राग मात्र ओल्डडेफकॉन्फिगचा, जो जुनी कॉन्फिग फाइल (निवडलेल्या ऑप्शनची यादी) घेऊन नव्या ऑप्शनना न विचारता डिफॉल्ट व्हॅल्यू देतो. कॉन्फिग फाइलमध्ये हाताने ओळ टाकली आणि तिची डिपेंडन्सी नसेल तर हा बाबा ती ओळ गुपचूप काढून टाकतो, हूं की चूं नाही. म्हणून कॉन्फिगचे तुकडे जोडायचे असतील तर मर्ज_कॉन्फिगची स्क्रिप्ट वापरा, ती निदान सांगते की तुम्ही मागितलेली व्हॅल्यू शेवटच्या फाइलीत आली नाही. लोकलमॉडकॉन्फिग छान आहे, जुन्या लॅपटॉपवर बिल्डचा वेळ खूप वाचतो, पण ते आत्ता लोड असलेली मॉड्यूल्स बघून बाकीची उडवतं, तर डोंगल, प्रिंटर, जे काही लागणारे ते सगळं आधी लावून मगच चालवा.

मेन्यूकॉन्फिगऐवजी वापरायला एन्कॉन्फिग आणि एक्सकॉन्फिग पण आहेत, इंजिन आतून तेच. मोठा स्क्रीन असेल तर एक्सकॉन्फिगमध्ये मेन्यू, ऑप्शन आणि माहिती शेजारीशेजारी दिसते, पण क्यूटीची (ग्राफिकल लायब्ररीची) डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात, आणि सर्व्हरवर एसएसएचने बसलेल्या माणसाला मेन्यूकॉन्फिगच बरं. सॅट सॉल्व्हर (सगळ्या अटी जुळवून उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) लावून 'हे हवंय ना, मग हे हे बदल' असं आपणहून सुचवणारे पॅचेसही लोकांनी लिहिलेत. मला एवढी हुशारी नसली तरी चालेल, त्या डब्यात अडवणाऱ्या सिम्बॉलचं नाव छापा, साडेतीनचे चार लगेच करतो.