लोंदीची सही, आणि कापसावर उतरलेला काळा रंग

मिलानमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या आणि रविवारच्या जुन्या बाजारात भटकणाऱ्या मराठी मंडळींनो, निळी फुलदाणी दिसली तर जरा दमानं घ्या.

रिमिनी ब्लू हे नाव इथे सगळे विक्रेते घेतात. फ्लॉरेन्सजवळच्या मोन्तेलूपोत 1921 साली सुरू झालेल्या बितोस्सी या सिरॅमिक कारखान्याची ही भांड्यांची मालिका. 1946 पासून तिथला कलादिग्दर्शक असलेल्या आल्दो लोंदीने ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस घडवली. ओल्या मातीवर हाताने दाबलेले ठसे, त्यावर हिरवट-निळी झिलई. ही झिलई ठशांच्या खोलगट भागात साचून गडद होते आणि कडांवर पातळ पडते. नजर खिळते ती यामुळेच, आणि भामट्यांचं फावतंही यामुळेच.

मला विकणारा गृहस्थ मोठा गोडबोल्या. "साठच्या दशकातली, खुद्द लोंदीची सही आहे," असं म्हणत त्याने फुलदाणी उलटी केली. तळाला काळ्या रंगात झोकदार 'लोंदी'. 280 युरो मोजले. पावती दिली, तीही न मागता.

घरी आल्यावर बायकोने नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा तळावर फिरवला. सही सगळी कापसावर आली! त्या काळी खुणा भाजण्याआधीच रंगवत, त्या अशा पुसल्या जात नाहीत. शिवाय तेव्हाच्या बऱ्याच बितोस्सी वस्तूंवर सही नसतेच. हाताने लिहिलेला आकडा आणि 'इटली', एवढंच. काहींवर न्यूयॉर्कच्या रेमॉर या आयातदाराचं लेबल सापडतं, पण कागदाचा तुकडा कोणीही चिकटवू शकतो.

मग तिरप्या उजेडात नीट पाहिलं. दोन्ही बाजूंनी साच्याची शिवण वरपासून खालपर्यंत गेलेली, आणि ती थेट ठशांच्या मधून. ठसा नंतर दाबला असता तर त्याच्याखाली शिवण दबून गेली असती. म्हणजे ठसे साच्यातच होते, कोणीतरी मूळ फुलदाणीवरूनच साचा काढलेला. कडाही बोथट, झिजलेल्या साबणासारख्या. तळावरच्या 'जुन्या' चरे-ओरखड्यांचंही तेच: सगळे एकाच दिशेचे, सँडपेपर मारल्यासारखे, आणि मधल्या खोलगट भागातही, जो टेबलाला कधी टेकतच नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या भांड्याची झीज टेकणाऱ्या कडेवर असते, आणि ती वाटेल त्या दिशेने.

आणखी एक लक्षात ठेवा. कारखाना आजही रिमिनी ब्लू बनवतो. म्हणजे वस्तू अस्सल बितोस्सीची असली, तरी ती साठ वर्षं जुनी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. नवीचं लेबल खरवडून ती 'व्हिंटेज' म्हणून खपवणं काही अवघड नाही.

पुढच्या बाजारात फुलदाणी आणि काळा झालेला कापूस घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने शांतपणे पावती दाखवायला सांगितलं. त्यावर इटालियनमध्ये फक्त 'निळी फुलदाणी' आणि रक्कम. ना लोंदी, ना बितोस्सी, ना साल. "मी कुठे काय लिहून दिलंय?" म्हणाला. बराच वाद घातल्यावर निम्मे पैसे परत द्यायला तयार झाला. अट एकच, फुलदाणीही परत हवी. पुसलेल्या तळासकट.