श्राव्यवर्णनासह संगीत नाटक: जरूर जा

मला जन्मापासून दिसत नाही. संगीत नाटकात नाच सुरू झाला की आजवर मी नुसते पावलांचे आवाज ऐकत बसायचे. या प्रयोगाला श्राव्यवर्णन होतं, म्हणजे रंगमंचावर जे दिसतं ते हेडफोनवर बोलून सांगणं. आधी स्पर्शफेरी: नेपथ्यातला गोल जिना, तलवारी, नायिकेच्या झग्याची जड किनार, सगळं हाताळायला मिळालं.

वर्णन करणारी बाई कमालीची जाणती. संगीत नाटकात संवाद-गाण्यांमधल्या मोकळ्या जागा मुळातच कमी, पण गाण्याच्या नव्या शब्दांवर ती एकदाही बोलली नाही. ध्रुवपद पुन्हा आलं की तेवढ्यात, "पाठीला पाठ. ती वळते." बस्स! हेडफोन एकाच कानाला, दुसऱ्या कानाला थेट वाद्यवृंद.

तक्रार एकच: ही सोय फक्त एका प्रयोगाला. तारीख आम्हालाही निवडता आली पाहिजे.