लेकीच्या घशाशी येणाऱ्या पित्ताचं ऑपरेशन: बेळगावातल्या एका बालशल्य विभागाचा अनुभव

आम्ही खानापूरकडचे. थोरली सहा वर्षांची. दोन वर्षं तिचा कान सारखा वाहायचा, आवाज घोगरा, आणि पहाटे उठून खोकत बसायची. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा पडद्यात नळी घातली. नळी पडली की कान परत भरायचा. आज्जीचं म्हणणं, दृष्ट लागलीय. शेवटी बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयात बालशल्य विभागाकडे पाठवलं, तेव्हा मीच म्हटलं, कानाला पोटाचा डॉक्टर कशाला?

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आडवं झालं की जठरातलं आंबट पाणी घशापर्यंत येतं, स्वरयंत्र सुजतं. लहान मुलांची नाकामागून कानाला जाणारी नळी आखूड नि आडवी, त्यामुळे त्रास तिथंही पोचू शकतो. "पण कान त्यानंच वाहतो असं मी लिहून देणार नाही." माणूस मला तिथंच पटला.

लगेच सुरी नाही. तीन महिने औषध, रात्री उशिरा खाणं बंद. मग आंबट पाणी किती वेळा वर येतं ते बघायची २४ तासांची तपासणी: नाकातून बारीक वायर, कमरेला डबा, आणि खाल्लं, झोपली, खोकली की मी वहीत वेळ लिहायची. पोरगी त्या डब्याला 'माझा मोबाइल' म्हणत हिंडत होती. बेरियमच्या एक्सरेत जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला दिसला, तेव्हा ऑपरेशन ठरलं.

दुर्बिणीतून, पाच बारीक छेद. छाती नि पोटामधल्या पडद्यातलं वाढलेलं भोक टाक्यांनी आवळलं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला मफलरसारखा गुंडाळला. निस्सेन नावाच्या सर्जनची १९५० च्या दशकातली युक्ती म्हणे. ढेकर नीट येणार नाही, उलटी होणं अवघड, पोट फुगेल, हे आधीच सांगितलेलं. तसंच झालं. काही आठवडे पातळ खाणं, मग भाकरी दुधात कुस्करून. त्यात काकानं लाडानं सोडा पाजला. रात्रभर पोट धरून बसली.

राग एकाच गोष्टीचा. संमतीपत्र नि आहाराचा कागद कन्नड-इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकलेली, सही कशावर करू? हुक्केरीकडच्या सिस्टरनं शेजारी बसून ओळ न् ओळ सांगितली. "अक्का, कळल्याशिवाय सही करू नका." बिलही अंदाजापेक्षा १८ हजारांनी जास्त, त्यात 'इतर' अशी एक ओळ. विचारलं तर काउंटरवाल्यालाही ठाऊक नाही.

आठ महिने झाले. पहाटेचा खोकला गेला, आवाज सुटला. कान मात्र मध्ये एकदा वाहिला. पुढच्या महिन्यात ऐकण्याची तपासणी आहे.

जाणार असाल तर सोमवार टाळा. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो, नंबर आला अडीचला.