जुन्या राइडिंग मॉवरचं इंजिन: उघडून बांधावं की नवं बसवावं?

थंडी पडली की गवत वाढायचं थांबतं आणि जुना राइडिंग मॉवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, गॅरेजमध्ये येऊन उभा राहतो. मागच्या हंगामात तो निळा धूर सोडत होता, चढाला धाप टाकत होता आणि चावी फिरवल्यावर बराच वेळ कण्हत होता. आता हाताशी तीन-साडेतीन महिने आहेत. तेवढ्यात जुनंच इंजिन उघडून पुन्हा बांधायचं, की ते उतरवून नवं बसवायचं?

मी दोन्ही केलंय, वेगवेगळ्या यंत्रांवर. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. इंजिन बिडाचं असेल आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) आणखी मोठा करायला वाव असेल, तर बांधा. अ‍ॅल्युमिनियमचा बोअर घासून गेला असेल, तर नवं बसवा. पण कोणताही निर्णय घेण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या, कारण कित्येकदा या दोन्हींची गरजच नसते.

आधी तपासणी

इंजिनाच्याही आधी गिअरबॉक्स बघा. इंजिन विकत मिळतं. जुन्या ट्रान्सअ‍ॅक्सलचे (गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र असलेल्या जोडाचे) आतले भाग मिळतीलच याची खात्री नसते. सगळे गिअर पडतात का, मागचा अ‍ॅक्सल हातानं वर-खाली हलतो का, चेसीला कुठे तडा आहे का, एवढं पाहून घ्या. इथेच मोठं दुखणं निघालं तर इंजिनावर खर्च करू नका, मग ते जुनं असो की नवं.

आता इंजिन. बहुतेक जण कॉम्प्रेशन गेज लावतात, आकडा कमी आला की हताश होतात आणि इंजिन संपलं म्हणतात. ही चूक फार सर्रास होते. कोहलर आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपन्यांच्या कित्येक इंजिनांत स्टार्टरवरचा भार हलका व्हावा म्हणून कमी वेगात एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवण्याची सोय असते. त्यामुळे स्टार्टरवर फिरवताना आकडा कमीच दिसतो. खरी परीक्षा गळतीची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कान द्यायचा. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइलच्या दांडीच्या भोकातून आला तर हवा पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं उतरतेय. हे करताना पट्टे काढलेले हवेत आणि हात फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकापासून) लांब हवेत. हवेच्या दाबानं क्रँक एकदम फिरू शकतो.

सुस्कारा फक्त सायलेन्सरमधून आला तर जीव भांड्यात पडू द्या. जुन्या फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. हेडचे बोल्ट काढले, हेड उचललं की समोर दिसतात. स्प्रिंग काढून, व्हॉल्व्हच्या कडेला घासायची पेस्ट लावून, टोकाला चिकटणारी रबरी वाटी असलेल्या काठीनं तो तळव्यांत घोळवायचा. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून पाहिलं की व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर सगळीकडे सारख्या रुंदीचं राखाडी कडं उमटलेलं दिसायला हवं. ते कुठे तुटत असेल तर पुन्हा घासा. त्याच वेळी पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन लाकडी पट्टीनं खरवडून काढा. मग काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर पसरून त्यावर हेड सपाट होईपर्यंत फिरवा, नवं गॅस्केट घाला. दोन शनिवार-रविवारचं काम. इंजिन ‘गेलं’ असं समजून भंगारात निघालेली यंत्रं एवढ्यावर सुरू झालेली मी पाहिली आहेत.

सुस्कारा ऑइलच्या भोकातून आला, तरच पुढचं वाचा.

जुनं बांधायचं तर

हे कोणत्या इंजिनाबद्दल चाललंय त्यावर सगळं अवलंबून आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 1961 मध्ये कब कॅडेट हा बागेचा छोटा ट्रॅक्टर आणला, जॉन डिअरनं 1963 मध्ये 110 हे मॉडेल आणलं. त्या घराण्यातल्या पुष्कळ यंत्रांवर कोहलरची के मालिका बसलेली असते. ब्लॉक बिडाचा, एकच सिलिंडर. त्यातलं के 301 घ्या: 12 अश्वशक्ती, बोअर 3.375 इंच, स्ट्रोक 3.25 इंच. हा बोअर 0.010, 0.020 आणि 0.030 इंच मोठा करता येतो आणि त्या-त्या मापाचे पिस्टन मिळतात. म्हणजे हे इंजिन बनवणाऱ्यांनीच ते पुन्हा बांधलं जाईल असं धरून बनवलंय, आणि उघडल्यावर ते पदोपदी जाणवतं.

हेड काढल्यावर पहिली नजर पिस्टनच्या माथ्यावर टाका. तिथे 010 किंवा 020 कोरलेलं असेल तर आधी कोणीतरी बोअर करून घेतलाय. 030 असेल तर पुढची नेहमीची पायरी उरलेली नाही आणि त्या ब्लॉकवर आणखी खर्च करायला माझं मन घेत नाही. मग बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. क्रँकपिनही (क्रँकचा जो भाग कनेक्टिंग रॉड धरतो तो) मोजा. या इंजिनात कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि वेगळ्या बेअरिंगशिवाय थेट क्रँकपिनवर फिरतो. पिन घासली असेल तर ती घासून 0.010 इंच बारीक करून घेता येते. तेवढ्या मापाचा रॉडही मिळतो.

पिस्टनची घाई करू नका. मापं घेतल्यावरच तो मागवा आणि बोअर करणाऱ्याच्या हातात तो प्रत्यक्ष द्या. शेवटचं होनिंग (बोअरची बारीक घासाई) त्या पिस्टनचं माप घेऊनच झालं पाहिजे. काम नीट झालं असेल तर सिलिंडरच्या आत तिरक्या रेघांची एकसारखी जाळी दिसते. बांधताना रॉड आणि त्याच्या टोपीवरच्या खुणा समोरासमोर आल्याच पाहिजेत. टोपी उलटी बसली तर सगळं इंजिन हातचं जाईल. आणि टॉर्क रेंच नसेल तर आधी तो आणा. अंदाजानं आवळलेल्या रॉडच्या बोल्टवर माझा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट. के 241 ते के 341 या इंजिनांत कंप कमी करायला बॅलन्स गिअर बसवलेले असू शकतात. त्यांची बेअरिंग झिजून ते फुटले तर ब्लॉकमध्येच धुडगूस घालतात. बांधणारे अनेक जण ते काढूनच टाकतात, मीही काढले. कंप थोडा वाढतो, तो मला चालतो.

जुनं बांधण्यातला सगळ्यात मोठा फायदा उरलेल्या यंत्राचा आहे: बॉनेट, पट्टे, पुली, थ्रॉटलची तार, सगळं जागच्या जागी परत बसतं. तोटा असा की खर्च किती होणार हे उघडून मोजल्याशिवाय कळत नाही.

नवं बसवायचं तर

नव्या इंजिनाची किंमत पहिल्या दिवशीच कळते. ते चटकन सुरू होतं, पेट्रोल कमी पितं, धूर नाही आणि त्याचे भाग मिळत राहतात. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंट आणि कंडेन्सरची कटकट संपते. ज्याला फक्त गवत कापायचंय, त्याच्यासाठी हे लहानसहान फायदे नाहीत.

पण ‘चार बोल्ट काढा, चार बोल्ट लावा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शाफ्ट आडवा की उभा हे आधी बघा. मग त्याची जाडी, लांबी आणि पुली अडकवणाऱ्या लोखंडी पट्टीचा (तिलाही चावीच म्हणतात) खाचा. आडव्या शाफ्टमध्ये 1 इंची आणि 1⅛ इंची दोन्ही मिळतात आणि जुनी पुली कोणावर बसेल हे मोजूनच कळतं. चेसीपासून शाफ्टची उंची बदलली तर पट्टा तिरका चालतो आणि लवकर फाटतो. सायलेन्सरचं तोंड भलतीकडे येतं. जुन्या कब कॅडेटमध्ये तर चाकांची ताकद फ्लायव्हीलच्या बाजूनं मागे जाते. तिथे नव्या इंजिनासाठी वेगळा जोड लेथवर बनवून घ्यावा लागतो.

वायरिंगबद्दल मात्र थांबून सांगायलाच हवं, कारण माझं नुकसान इथेच झालं. जुन्या बॅटरी-कॉइलच्या यंत्रात चावी लावली की इंजिन चालवण्यासाठी तारेत 12 व्होल्ट येतात. नव्या मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय, फ्लायव्हीलवरच्या चुंबकानं ठिणगी पाडणाऱ्या) इंजिनात नेमकं उलटं: इंजिन बंद करायला ती तार अर्थ करायची असते आणि चालू असताना तिच्यात काहीच यायला नको. मी जुनी तार नव्या इंजिनाच्या त्या टोकाला जोडली आणि चावी फिरवली. आवाज नाही, ठिणगी नाही. नवं कोरं इग्निशन मॉड्यूल पहिल्याच दिवशी जळलं. चावीचा स्विचही मॅग्नेटोला चालणारा घ्या आणि जोडण्याआधी मीटरनं प्रत्येक तार तपासा. ब्लेडला इलेक्ट्रिक क्लच असेल तर नव्या इंजिनाचं चार्जिंग किती अँपिअरचं आहे तेही बघा. क्लच एकटाच साधारण 4 अँपिअर ओढतो. 3 अँपिअरचं चार्जिंग असेल तर गवत कापता-कापता बॅटरी उतरते.

अश्वशक्तीचे आकडेही डोळे झाकून जुळवू नका. जुन्या एकसिलिंडरी इंजिनाचं फ्लायव्हील जड असतं, उंच गवतात वेग पडला तरी ते रेटत राहतं. नवं हलकं इंजिन त्याच अश्वशक्तीचं असलं तरी पूर्ण वेगात चालवावं लागतं. त्यामुळे मी थोडं जास्त ताकदीचं घेतो.

उभ्या शाफ्टचा, अलीकडच्या काळातला लॉन ट्रॅक्टर असेल तर हा सगळा त्रास बराच कमी. तिथे मापं बरीचशी ठरलेली असतात. शिवाय अशा यंत्रांवर अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरची इंजिनं पुष्कळदा असतात, ती बोअर करून बांधणं क्वचितच फायद्याचं ठरतं. ब्रिग्जच्या इंजिनावर ‘आय/सी’ लिहिलेलं असेल तर आत बिडाची स्लीव्ह (नळी) आहे. ते बांधायचा विचार करता येईल.

गॅरेजमधले दोन धोके

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवर पसरते आणि कोपऱ्यातल्या हीटरच्या ज्योतीपर्यंत पोचते. टाकी आणि कार्बोरेटर बाहेरच रिकामे करा. इंजिन सुरू करायचं तर यंत्र ढकलून बाहेर न्या. शटर अर्धं उघडं ठेवून कार्बन मोनॉक्साइड जात नाही, आणि त्याचा वासही येत नाही.

हिवाळ्याचा हिशेब

माझा बांधण्याचा अनुभव आठ-नऊ शनिवार-रविवारांचा आहे. त्यातला मोठा वेळ बोअर करून परत येण्याची आणि भाग पोचण्याची वाट बघण्यात गेला. नवं बसवायला चार सुट्ट्या लागल्या, त्यातल्या दोन फक्त ब्रॅकेट आणि तारांमध्ये. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला असाल आणि बिडाचा ब्लॉक 020 पर्यंतच गेलेला असेल, तर बांधायला घ्या. चेसी आणि डेकचा (ब्लेडवरच्या झाकणाचा) गंज ब्लॉक बोअर करायला गेलेला असतानाच काढून होईल.

हिवाळा निम्मा सरला असेल आणि बोअर अजून मोजलेला नसेल, तर क्रँककेस उघडू नका. व्हॉल्व्ह घासा, कार्बोरेटर धुवा, कूलिंगचं आवरण काढून फिन्समधलं उंदरांचं घरटं आणि वाळकं गवत साफ करा, आणि या हंगामापुरतं निळ्या धुरासह चालवा. दर वेळी सुरू करण्याआधी ऑइलची पातळी बघा. या इंजिनांत रॉडखालची पळीच ऑइल उडवते. पातळी खाली गेली तर पळी कोरडी फिरते आणि बांधण्याजोगा क्रँकही हातचा जातो.