एक्सपीएसच्या भावात थर्माकोल: गच्ची करून घेणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या एका चार मजली सोसायटीने गेल्या उन्हाळ्यात १००० चौरस फूट गच्चीवर उष्णतारोधक थर घालून घेतला. कोटेशनमध्ये लिहिलं होतं ५० मिमी एक्सपीएस बोर्ड, म्हणजे सलग, घट्ट फोमचा उष्णतारोधक बोर्ड. पहिल्या पावसानंतर पाण्याच्या पाइपाजवळचा कोबा पायाखाली हलायला लागला, म्हणून तो फोडला. खाली निघालं २५ मिमीचं थर्माकोल. बोटाने दाबलं की दाण्यांमधून पाणी वर येत होतं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या मे महिन्यात रात्री अकरालाही तापलेल्याच होत्या, ते का, हे तेव्हा कळलं.

या कामात फसवणं सोपं आहे, कारण सकाळी अंथरलेला थर संध्याकाळपर्यंत काँक्रीटखाली गडप होतो.

सुरुवात होते प्रात्यक्षिकापासून. कंत्राटदार भर दुपारी गच्चीवर चमकदार ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल लावलेला नमुना ठेवतो, तापमान मोजायची गन धरतो आणि दाखवतो: उघडा स्लॅब ६० अंश, नमुना ३५. गन खोटी नसते, पण ती पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या किरणांवरून तापमान ठरवते. चमकदार ॲल्युमिनियम स्वतः फार कमी किरण सोडतं आणि समोरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतं, त्यामुळे आकडा कमी येतो. त्याच फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तीन मिनिटं थांबा आणि टेपवर गन धरा. खरा आकडा समोर येतो. पांढऱ्या रंगावर गन बऱ्यापैकी बरोबर सांगते, आणि स्वच्छ पांढरा रंग ऊन परतवतो हेही खरं. पण दोन हातांचा रंग म्हणजे इन्सुलेशन नव्हे; धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, आणि रोज वावर असलेल्या गच्चीवर तो झिजतो. मोजायचंच असेल तर खालच्या खोलीत, छताला, रात्री दहा वाजता मोजा. कामाआधी आणि कामानंतर, सारख्याच उन्हाच्या दिवशी.

माल आला की रंगावर जाऊ नका. गुलाबी, निळा, हिरवा रंग कोणत्याही फोमला देता येतो. स्वयंपाकघरातला काटा गच्चीवर न्या. एक बोर्ड साधारण १२५० बाय ६०० मिमी, जाडी ५०, म्हणजे ०.०३७५ घनमीटर. घनमीटरला ३२ किलो घनता असेल तर वजन १.२ किलो भरायला हवं. १२ घनतेचं थर्माकोल तेवढ्याच मापाचं ४५० ग्रॅम भरतं. बोर्डाचा कोपरा मोडून बघा: दाणे सुटे झाले तर ते थर्माकोल. एक्सपीएसचा मोड सलग असतो, ब्रेडच्या कापासारखा.

संख्याही मोजा. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. एक बोर्ड पाऊण चौरस मीटर झाकतो. १२४ बोर्ड लागतात, कापाकापी धरून १३०. त्या सोसायटीत किती बंडलं वर चढली, हे कुणीच मोजलं नव्हतं.

क्रम असा असावा. आधी जुना सुटा, पोकळ कोबा काढायचा. चांगल्या कोब्यावर दुसरा विटांचा कोबा चढवू देऊ नका; साडेचार इंची कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन टाकतो. मग पाइपाकडे १०० ला १ चा ढाळ, कठड्याच्या मुळाशी गोल वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई), वॉटरप्रूफिंग. त्यानंतर पाइपाची तोंडं बंद करून किमान ४८ तास पाणी धरायचं आणि खालून छत बघायचं. ही चाचणी बोर्ड टाकण्याआधीच व्हायला हवी. नंतर गळती सापडली तर सगळं उखडावं लागतं, आणि ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. मग बोर्ड, सांधे एकमेकांत घट्ट बसवून. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), जाळी, आणि ५० मिमी एम-२० प्रतीचं काँक्रीट, दर दोन मीटरवर सांधा सोडून. सांधा नसेल तर उन्हाळ्यात काँक्रीट फुगतं आणि कठड्याला ढकलतं. केरोसिनमिश्रित बिटुमेन (डांबरी) प्रायमर बोर्डाला लागता कामा नये, तो फोम खातो. वॉटरप्रूफिंगची मेम्ब्रेन (डांबरी चादर) चिकटवायची गॅसची ज्योतही थेट बोर्डावर नको.

या गच्चीच्या ५० मिमी काँक्रीटला ४.६५ घनमीटर माल लागतो, म्हणजे सिमेंटच्या ३७ गोण्या. रिकाम्या गोण्या कामगारांना नेऊ देऊ नका, शेवटी मोजा. वीसच निघाल्या तर वरचा थर दोन पावसांत भुगा होईल.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच नसते: गच्ची सुमारे १०० मिमी वर येते. जिन्याच्या दाराचा उंबरठा, पाइपाची तोंडं आणि कठड्याची उंची आधी मोजून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी जिन्यात उतरतं.

लेटरहेडवरच्या ‘१० वर्षं गॅरंटी’ला किंमत तेव्हाच, जेव्हा त्यात घनता, जाडी, बोर्डाचा प्रकार आणि गळती आढळल्यास किती दिवसांत दुरुस्ती, हे लिहिलेलं असतं. पैसे टप्प्यांनी द्या: पाण्याच्या चाचणीनंतर एक हप्ता, बोर्ड अंथरून, जाडीला मोजपट्टी लावून फोटो काढल्यावर दुसरा, आणि निदान दहा टक्के पावसाळ्यानंतर. कठड्याचे उभे वाटे क्षेत्रफळात धरलेत का, तेही बिलात बघा.

काम होऊन गेलं असेल आणि शंका असेल, तर पाइपापासून दूर, कोरड्या जागी सहा इंची चौकोन कापा. जाडीला मोजपट्टी लावून फोटो घ्या, बोर्डाचा तुकडा पिशवीत जपा, चौकोन लगेच बुजवून वॉटरप्रूफ करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्या सोसायटीने निम्मी रक्कम रोखीने, पावतीशिवाय दिली होती. त्या अर्ध्याचा पुरावा आज त्यांच्या हातात नाही.