न खाल्लेल्या नऊ प्लेट : क्लबच्या साप्ताहिक सभेचा चौदा महिन्यांचा अनुभव

जानेवारीत क्लबचं अर्धवार्षिक बिल आलं. वर्गणी ठीक, वरच्या संस्थेचा हिस्सा ठीक. तिसरी ओळ मात्र अशी होती : 'सभा व फेलोशिप, २६ प्लेट'. सव्वीस आठवड्यांत मी सतरा सभांना हजर होते. तारखा माझ्याकडे आहेत, कारण हिशेब लिहिणं हा माझा धंदाच आहे. म्हणजे नऊ प्लेट मी पाहिल्याही नाहीत, आणि त्यांचे पैसे मात्र मीच भरायचे.

ज्यांनी सेवाभावी क्लबच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना साचा सांगायला नको. क्लब कुठल्या झेंड्याखालचा ते मुद्दाम लिहीत नाही. रोटरी काय, लायन्स काय, किवानिस काय, घंटा सगळीकडे वाजतेच. अध्यक्ष हातोडी मारतात, पाहुण्यांची ओळख होते, सेक्रेटरी सूचना वाचतात, वाढदिवस होतात. मग वक्ता, मग आभार, मग पुन्हा घंटा आणि फेलोशिप. नवख्यांसाठी एवढंच सांगते की 'आज सभेनंतर फेलोशिप आहे' याचा क्लबातला अर्थ बंधुभाव असा नाही, जेवण असा आहे. मला हे कळायला तीन आठवडे लागले. तोवर मी घरी जेवून जात होते.

खजिनदारांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, हॉलवाल्याला मिनिमम गॅरंटी द्यावी लागते. तीस प्लेट. कुणी आलं नाही तरी तीसचे पैसे जातात."

"पण आपण सदस्य अडतीस आहोत."

"हो."

"आणि बिल अडतीस जणांना लावलंत."

"हो."

"मग आठ प्लेट कुठे गेल्या?"

इथे ते चष्मा काढून पुसायला लागले. नंतर माझ्या लक्षात आलं की आकडा विचारला की ते नेहमीच चष्मा पुसतात. आठ गुणिले सव्वीस म्हणजे दोनशे आठ. दोनशे आठ प्लेटचे पैसे क्लबात आले आणि हॉलवाल्याकडे गेले नाहीत. माझ्या नऊ प्लेटचा प्रश्न तिथे एकदम मोठा झाला आणि, खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं.

पंधरा दिवस पाठपुरावा केल्यावर उत्तर मिळालं की उरलेले पैसे प्रकल्प खात्यात वळवले. अशा क्लबांत दोन खाती वेगळी ठेवतात, एक कारभाराचं आणि एक सेवाकार्याचं. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा सभेच्या जेवणावर उडवता येत नाही, आणि तो नियम चांगला आहे. खजिनदारांचं म्हणणं, "आपण उलट केलंय ना? जेवणाचा पैसा सेवेला दिला. यात पाप काय?" पाप नाही हो. पण ठराव कुठे आहे? माझ्या खिशातून देणगी गेली, ती मला बिलातून कळली, आणि तीही जेवणाच्या नावाखाली.

याहून मोठा विनोद मेक-अपचा, म्हणजे चुकलेली सभा दुसऱ्या क्लबात बसून भरून काढण्याचा. रोटरीत जुना नियम असा होता की लागोपाठ चार सभा चुकल्या तर सदस्यत्व जायचं. पण चुकलेली सभा जगातल्या कुठल्याही क्लबात, चौदा दिवस आधी किंवा नंतर, भरून काढता यायची. आमच्याकडेही तोच रिवाज. ऑक्टोबरमध्ये कामानिमित्त परगावी होते, तर तिथल्या क्लबात मेक-अप केला. दारात जेवणाचे पैसे भरले, पावती घेतली. घरच्या क्लबाने हजेरी मांडली आणि प्लेटही मांडली. एका संध्याकाळचं जेवण, दोनदा वसूल. आणि त्या परक्या क्लबात झालं काय, तर मला मधल्या खुर्चीवर बसवलं, छोटा ध्वज हातात दिला, माझं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं. आमच्या क्लबात माझ्या बिल्ल्यावर आडनाव चुकीचं छापलंय, ते आजही तसंच आहे.

दंडाचा डबा हा आणखी एक प्रकार. उशीर झाला तर दंड, बिल्ला विसरला तर दंड, पेपरात फोटो आला तर आनंदाचा दंड. लायन्सच्या घटनेत यासाठी टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारीच असतो, आणि त्याच्या कलमात एका सभेत एका सदस्याला दोनपेक्षा जास्त वेळा दंड करायचा नाही अशी सोय आहे. खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. ज्याने हे कलम लिहिलं त्याला माणसं कळत होती. आमच्याकडे एका संध्याकाळी मला तीनदा दंड झाला. तिसरा कशासाठी, तर दुसऱ्या दंडाची पावती मागितली म्हणून.

इथवरचा मजकूर जानेवारीच्या अखेरीला लिहून ठेवला होता आणि शेवटी 'सदस्यत्व घेऊ नका' असं लिहून संपवणार होते. नंतर काही गोष्टी घडल्या, म्हणून पुढचं आता सप्टेंबरात लिहितेय. वरचं एक अक्षरही बदललेलं नाही. राग खराच होता, आणि नऊ प्लेटचा राग अजूनही आहे.

भांडण करायचं तर कागद हातात हवेत, म्हणून मी या क्लबांचा इतिहास वाचायला घेतला. मला फक्त एवढंच शोधायचं होतं की सभेत जेवण घुसलं कधी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत चार माणसं जमली : पॉल हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, हायरम शोरी शिंपीकामाच्या धंद्यातले आणि गस्टेव्हस लोअर खाणींचे इंजिनियर. जागा म्हणजे लोअर यांचं ऑफिस, युनिटी बिल्डिंगमधली ७११ नंबरची खोली. हॅरिस शिकागोत १८९६ पासून वकिली करत होते. ओळखी भरपूर होत्या, मित्र नव्हते. मग दर वेळी एकेकाच्या ऑफिसात, आळीपाळीने जमायचं ठरलं आणि त्या आळीपाळीवरूनच रोटरी हे नाव आलं. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नाही. पुढे संख्या वाढली, ऑफिसं पुरेनात, सभा हॉटेलांत गेल्या आणि माझ्या अंदाजाने गॅरंटी प्लेटचा जन्म तिथला. सभेत गाणी म्हणायची टूम हॅरी रगल्स नावाच्या छापखानावाल्याची, पाचवा सदस्य तो. आमच्याकडे गातात ते ऐकून वाटतं, चारांवरच थांबले असते तर बरं होतं.

अजून एक सापडलं. रोटरीने बायकांना सदस्यत्व दिलं ते १९८९ साली, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८७ मध्ये हरल्यानंतर. लायन्स आणि किवानिसनी १९८७ मध्ये दारं उघडली. म्हणजे माझी आई माझ्या वयाची होती तेव्हा तिला या खुर्चीवर बसताच आलं नसतं. तिची प्लेट अर्थातच 'सदस्याची पत्नी' म्हणून मोजली गेली असती आणि बिल वडिलांना.

सापडलेल्यातलं कामाचं हत्यार हे : २०१६ साली रोटरीने क्लबांना मोकळीक दिली, दर आठवड्याला नको असेल तर महिन्यातून किमान दोनदा भेटा. तो दाखला जोडून मी अर्ज दिला. सभा पंधरवड्यातून एकदा घ्या, प्लेट निम्म्या होतील, आकडेमोड सोबत जोडली आहे. कार्यकारिणीत तासभर वाद झाला. "सवय मोडली की क्लब मोडतो," असं एक जुने सदस्य म्हणाले, आणि मी ते भावनिक म्हणून बाजूला टाकलं. शेवटी मार्च-एप्रिल दोन महिने प्रयोग करायचं ठरलं.

पैसे वाचले, याबद्दल दुमत नाही. पण लोकांना हा आठवडा सभेचा की सुट्टीचा तेच कळेना. पहिल्या सभेला बावीस, दुसरीला सतरा, तिसरीला चौदा. गॅरंटी तीसची ती तीसच. म्हणजे प्रत्येक सभेत वाया जाणाऱ्या प्लेट माझ्याच प्रयोगाने दुप्पट केल्या. हे मी स्वतःच मोजलं, कुणी दाखवून दिलं नाही. मोजून झाल्यावर वही दोन दिवस उघडली नाही.

मग एप्रिलातला तो बुधवार. सुट्टीचा आठवडा होता आणि मीसुद्धा चुकून गेले. प्रयोग माझा आणि तारीख मीच विसरले! हॉलला कुलूप. पायऱ्यांवर आधीच चौघं बसलेले : एक दातांच्या डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक छपाईवाला आणि खजिनदार. खजिनदारांच्या हातात वही होती, कारण त्यांना वाटलं सभा आहे. थोड्या वेळाने आणखी दोघं आले, दार बघून हसले आणि तेही बसले. घंटा नाही, सूचना नाहीत, वक्ता नाही, खायला काहीही नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "चला, आज दंडही नाही."

दीड तास बसलो. डॉक्टरबाईंना दवाखाना विकायचाय हे मला आठ महिने शेजारी बसून माहीत नव्हतं. छपाईवाल्याला विचारलं, माझा बिल्ला कधी सुधारणार, तर तो म्हणाला, "ते छापणारा मीच, पण यादीत सेक्रेटरी जसं लिहून देतात तसं छापतो. तुम्ही कधी सांगितलंत?" खरंच, मी कधी सांगितलं नव्हतं. चिडले मात्र चौदा वेळा होते. आणि खजिनदारांनी वही मिटवून, चष्मा न पुसता, सांगितलं की त्यांना हे पद नकोच होतं. त्यांच्या आधीचे गेले आणि कुणीच हात वर केला नाही.

त्याच पायऱ्यांवर मला 'फोनवाल्या काकांचं' गुपित कळलं. दर मंगळवारी संध्याकाळी एका ज्येष्ठ सदस्यांचा फोन येतो : "उद्या येताय ना? तब्येत बरी? पोरगी परीक्षेला बसली का?" मला वाटायचं, काय प्रेमळ माणूस. नोव्हेंबरात आईच्या आजारपणात चार बुधवार मी गेले नाही, तेव्हा चारही मंगळवारी त्यांचा फोन आला होता, आणि मी घरात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. तर तो फोन प्लेट मोजायला असतो! हॉलवाल्याला बुधवारी सकाळी आकडा कळवायचा असतो, तीसच्या वर जाणार असेल तर. हे ऐकून मी इतकी हिरमुसले की मुख्याध्यापकांना हसू आवरेना. ते म्हणाले, "अहो, आकडा विचारायला अर्धं मिनिट लागतं. तुमच्याशी ते किती वेळ बोलायचे?"

फोनच्या नोंदी तपासल्या. हो, तपासल्या. अकरा मिनिटं, सात मिनिटं, चौदा मिनिटं, नऊ मिनिटं.

मे महिन्यापासून सभा पुन्हा दर आठवड्याला. माझ्याच अर्जाविरुद्ध मी हात वर केला, आणि त्याबद्दल मला दंड झाला, भरला. पण एक सुधारणा पदरात पाडून घेतली : मंगळवारी रात्री आठच्या आत 'नाही' कळवलं तर ती प्लेट बिलात लागत नाही, आणि उरलेला पैसा कुठे जायचा ते सर्वसाधारण सभेत ठरावाने. हॉलवाल्याशी बोलून गॅरंटी तीसवरून पंचवीसवर आणली. हे काम खजिनदारांनी पाच वर्षं केलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. हॉलवाला दहा मिनिटांत तयार झाला.

सेवाकार्याबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय. एवढंच, की शिकागोच्या त्या गप्पिष्ट मंडळींनी पहिलं लोकोपयोगी काम हाती घेतलं ते १९०७ मध्ये, सार्वजनिक स्वच्छतागृहांचं. दोन वर्षं नुसत्या गप्पाच. आमच्या क्लबावर 'नुसत्या गप्पा मारता' असा आरोप होतो तेव्हा मी हल्ली हे सांगते.

वक्ते? दहातले तीन चांगले, पाच चालतात, दोन स्वतःचा धंदा विकायला येतात. वीस मिनिटांची घंटा काटेकोर वाजवली तर सगळेच सहन होतात. गाण्याबद्दल मत बदललेलं नाही.

जुलैत पदाधिकारी बदलले. फोनवाल्या काकांना आता ऐकू कमी येतं, म्हणून मंगळवारचे फोन माझ्याकडे आले. अडतीस नावं, त्यातली सात मी पूर्वी चेहऱ्यानेही ओळखत नव्हते. पहिल्या मंगळवारी सगळे फोन पंचवीस मिनिटांत उरकले आणि स्वतःवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काल तू फोन केलास की बँकेने?" आता पावणेदोन तास लागतात. परवा काकांनाच केला, ते मोठ्याने म्हणाले, "माझी धर गं प्लेट," आणि मग आईची चौकशी केली.

नवीन बिल आलंय. जानेवारी ते जून, माझ्या नावावर दोन प्लेट जास्त लागल्यात. दोन्ही मंगळवारी 'नाही' कळवलं होतं, वहीत वेळही लिहिलीय. नव्या खजिनदारांना पत्र दिलंय. जुने खजिनदार साक्षीला यायला तयार आहेत.